घुग्घुसचं पाणी, गुजरातचं तेल

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला मी तेलाच्या धंद्यात होते असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘कोन्तं तेल बाई? जवसाचं का टोळीचं?’ टोळी म्हणजे मोहाची बी. तिचे घाणे आमच्याकडे परवापरवापर्यंत होते, त्यामुळे विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. मी सांगते, नाही हो, जमिनीतलं तेल, पेट्रोल-डिझेल ज्यापासून होतं ते. मग तो आणखीच संशयाने बघतो. इथे कोळसा निघतो, तिकडे डोंगरात लोखंड निघतं, तेल कधी निघालं? आणि निघालंच असेल, तर त्यात या बाईचं काय काम?

इथे निघालं नाही. तेल गुजरातेत होतं आणि मी सिंदेवाहीची होते. आमची गाठ नोकरीने घालून दिली. माझे वडील धानाच्या संशोधन केंद्रावर मजूर होते. आमचं बौद्ध घर, आणि शिकणं हा आमच्याकडे सणावारापेक्षा मोठा विषय. नागपुरात रसायनशास्त्र शिकले आणि एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले, ती केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिले. पगारवाढी, बदल्या, निरोप समारंभ हे सगळं इथे सांगत बसणार नाही, त्यात कुणालाच रस नसतो. मी सांगणार आहे ते पाण्याबद्दल. कारण तेलाच्या धंद्यात माझं सगळं आयुष्य पाण्यात गेलं.

आधी एक गैरसमज काढून टाकते. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. तेल असतं दगडात. वाळूचे कण दबून दबून झालेला दगड, आणि कणांमधल्या बारीक फटींमध्ये तेल. भाजलेली वीट तेलात बुडवून ठेवली तर ती पिऊन बसते, तसंच. पहिल्यांदा भोक पाडलं की खालच्या दाबाने तेल आपणहून वर येतं. तेवढी वर्षं सगळे साहेब खुशीत असतात. मग दाब संपतो. मग एका विहिरीतून पाणी आत सोडायचं आणि त्याने ढकललेलं तेल शेजारच्या विहिरींतून वर काढायचं, असा उद्योग सुरू होतो. पण पाणी भारी हुशार. ते सोपी वाट शोधतं. एकदा वाट सापडली की तेलाला बगल देऊन सरळ पलीकडच्या विहिरीत जाऊन उभं राहतं. इकडून पाणी सोडा, पलीकडून पाणीच काढा. निम्म्याहून जास्त तेल खाली तसंच बसून राहतं.

धान लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी भरलं आणि तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खेकड्याने भोक पाडलेलं असलं, की सगळं पाणी त्या भोकाने पळतं आणि अर्धी बांधी कोरडी. माझे वडील त्या भोकात चिखल कोंबायचे. आम्ही जे करायचो त्याची जात तीच, फक्त आमचं भोक मैलभर खाली असायचं आणि तिथे हात पोचत नसे.

म्हणून पाणीच दाट करायचं. पॉलिमर नावाची एक पांढरी पूड येते. अगदी थोडी पाण्यात नीट विरघळवली की पाणी पेजेसारखं होतं. दाट पाणी बारक्या वाटेने पळू शकत नाही, ते सगळ्या रुंदीने सरकतं आणि तेलाला पुढे घालून नेतं. विरघळवायलाही हात लागतो. पिठलं लावताना बेसन एकदम ओतलं की गुठळ्या होतात, तशाच इथेही होतात. आणि ही पूड ओली झाली की तिच्यासारखं निसरडं जगात काही नाही. प्रयोगशाळेत एकदा थोडी सांडली, कुणीतरी शहाणपणाने वर पाणी मारलं आणि तेवढ्यात वरचे मोठे साहेब पाहणीला आले. त्यांनी आमच्या प्रयोगशाळेची पाहणी बसून केली. पुढे बरेच दिवस त्यांना आमच्याकडे येण्याची इच्छा झाली नाही, त्यामुळे कामं फार चांगली झाली.

राहिली मिठाची गोष्ट. खाऱ्या पाण्यात पॉलिमरचे धागे आखडून बसतात, पाणी दाट होत नाही. कमी खाऱ्या पाण्यात ते मोकळे होतात. शिवाय तेल त्या दगडातल्या मातीला चिकटलेलं असतं, आणि पाण्यातलं मीठ कमी केलं की मातीची पकड सुटते. मग सरळ गोडंच पाणी सोडा की, असं कुणीही म्हणेल. नवीन साहेब तर हमखास म्हणायचे. पण अगदी गोडं पाणी गेलं तर तीच माती फुगते आणि फटी बंद होतात. म्हणजे मीठ हवं, पण बेताचं. प्रत्येक थराचा बेत वेगळा. तो शोधून काढायचा, हे माझं काम. लोक हसतील, पण मी नोकरीभर पाण्यात मीठ घातलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

आता मुद्द्यावर येते.

गुजरातेतल्या एका जुन्या क्षेत्रात आम्ही हे करून पाहायचं ठरवलं होतं. त्या क्षेत्रातलं तेल जाड, पाणी त्याला बगल देऊन पळत होतं. मी प्रयोगशाळेत खालच्या दगडाचे तुकडे घेऊन, मिठाचा बेत शोधून, पॉलिमर ठरवून दिला. काचेच्या नळीत तेल असं सुंदर पुढे सरकायचं की बघत राहावं. जागेवरचं काम पटेल नावाच्या इंजिनियरकडे होतं. तरुण, हुशार, कामाला वाघ, पण वरच्यांपुढे मान वर करायची नाही. पॉलिमर सुरू झाला आणि काहीच होईना. मी स्वतः जाऊन विहिरीच्या तोंडाशी नमुना घेतला. टाकीत पेज होती ती विहिरीशी साधं पाणी होऊन पोचत होती.

वाटेत काहीतरी पॉलिमर कापत होतं. हे धागे लांब असतात, बारीक फटीतून जोरात दाबले तर तुटतात आणि मग पुन्हा जुळत नाहीत. विहिरीजवळचा एक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असणार, अशी माझी खात्री होती. पटेलला म्हटलं, काम थांबवा आणि तो व्हॉल्व्ह उघडून बघा. तो म्हणाला, थांबवायला परवानगी लागते आणि परवा वरचे लोक येताहेत. मी आवाज चढवला, त्याने खाली बघितलं. व्हॉल्व्ह काही उघडला नाही. अहवालात एक ओळ आली, पॉलिमर या क्षेत्राला मानवत नाही. खाली पटेलची सही. मी वर लिहिलं, भांडले, एका बैठकीत टेबलावर हातही आपटला. उपयोग झाला नाही. त्या ओळीमुळे पुढे कोणत्याही क्षेत्रात पॉलिमरचं नाव काढलं की लोक ती ओळ तोंडावर फेकायचे. एकेक विहीर बंद होत गेली. तेल खाली, आणि मी निवृत्त. फार लागलं मला ते.

निवृत्तीनंतर चंद्रपुरात घर केलं. एक दिवस हमीदभाऊ दारात. घुग्घुसच्या रस्त्याला त्यांचं मोठं वर्कशॉप आहे. खाणीतले पंप, सिमेंट कारखान्याचे पट्टे, जे मोडेल ते तिथे येतं. पण खाणींची कामं हल्ली बाहेरच्या मोठ्या कंत्राटदारांकडे चालली होती आणि हमीदभाऊंना दुसरं काहीतरी बघणं भाग होतं. त्यांनी माझ्यापुढे एक नकाशा उलगडला आणि म्हणाले, पॉलिमर मिसळून पंपाने सोडायची मशीन बनवायची आहे, माल गुजरातला जायचा आहे, आणि हे पॉलिमर काय खायची चीज आहे ते तेवढं सांगा.

मी नकाशाच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं. माझ्याच जुन्या कंपनीची मागणी होती. म्हणजे तिथे कुणाला तरी पुन्हा करून पाहायचं होतं.

मी एकच अट घातली. पॉलिमरच्या वाटेत एकही चिंचोळी जागा नको. वळणं मोठी, पंप सौम्य, व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. हमीदभाऊ म्हणाले, तुम्ही म्हणसाल तसं. आणि तसंच केलं. दोनदा जोडलेली नळी मी पुन्हा कापायला लावली, तेव्हा वेल्डरने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं घर पाडलं होतं. पण मशीन झाली बघण्यासारखी.

मग निरोप आला, की घ्यायच्या आधी तपासणी इथेच होणार. इथलं पाणी, त्यांनी आधी पाठवलेली पूड. मशीनच्या मिसळायच्या टाकीत जेवढा दाटपणा तेवढाच तिच्या दुसऱ्या टोकाला राहिला पाहिजे, आणि बारीक गाळणीतून न तुंबता गेलं पाहिजे. तपासायला येणारे साहेब कोण, तर पटेल. आता मोठा अधिकारी झाला होता. त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागलं नाही. मशीन पास झाली तर पॉलिमरला दुसरी संधी. नापास झाली तर तीच ओळ दुसऱ्यांदा लिहिली जाणार, आणि तिसऱ्यांदा कुणी विचारायलाही येणार नाही. आणि लिहिणारा तोच.

श्रावण चालू होता. वर्धा नदीचं पाणी टँकरने आणून मोठी टाकी भरली. चहाच्या रंगाचं गढूळ पाणी, पण गाळ काढायला मशीनवर वाळूची गाळणी होतीच, तिचीही परीक्षा त्यातच होणार होती. आदल्या संध्याकाळी मी पाणी तपासलं. मीठ कमी, जडपणा, म्हणजे चुन्यासारखे क्षार, बेताचा, त्यात माझं मोजलेलं मीठ घातलं. अगदी हवं तसं झालं. झाकण लावून घरी आले.

सकाळी पटेल आला, सोबत दोन माणसं. डोक्यावर केस उरले नव्हते, पण खाली बघायची सवय तीच. नमस्कार-चमत्कार झाले, त्याने माझी तब्येत विचारली, मी कामाला लागू म्हटलं. पूड सुरू झाली, पंप सुरू झाला, हमीदभाऊ खुर्चीच्या पाठीला धरून उभे. पहिलाच नमुना हातात घेतला. पाणी पातळ. त्यात पांढरे, चिकट, शेंबडासारखे तार. बारीक गाळणी तर बघता बघता तुंबली आणि मशीन आपणहून बंद पडली.

पटेलने नमुना उजेडात धरला. मग हळू आवाजात हिंदीत म्हणाला, "मॅडम, ये तो उस वक्त जैसा ही हो रहा है।"

त्याच्या मनात टोचायचं नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, उस वक्त आपने खोला नहीं था. आज सगळं खोलते, बसा आणि बघा. आणि मी हमीदभाऊंच्या माणसांना सांगितलं, पंप खोला. पंप खोलला, आत चकाचक. नळ्या खोलल्या. व्हॉल्व्ह खोलला, पूर्ण उघडा. वाळूची गाळणी खोलली. एकेक भाग ताडपत्रीवर मांडत गेले आणि पटेलला एकेक दाखवत गेले. त्याला संध्याकाळची गाडी गाठायची होती, तो घड्याळ बघत होता. हमीदभाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, पुडीतच खोट असन. त्याईलेच सांगून टाका न."

सोपं होतं. पूड त्यांची होती. पण खोट पुडीत नव्हती, माझ्या शिशीत तीच पूड आदल्या दिवशी छान विरघळली होती. कारण न शोधता कुणाच्या तरी माथी मारायचं, हेच तर गुजरातेत झालं होतं. मी म्हटलं, नाही, कारण सापडल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

सगळं खोलून झाल्यावर एकच गोष्ट राहिली होती, पाणी. मी शिडी चढले आणि पाण्याच्या मोठ्या टाकीचं झाकण काढलं.

टाकीचा तळ दिसत होता.

मी बघतच राहिले. काल चहा होता. आज काच. श्रावणातलं वर्धेचं पाणी आपणहून असं निवळत नाही. बोट बुडवून जिभेला लावलं. रसायनशाळेत असं केलं असतं तर मीच कुणाला तरी हाकलून दिलं असतं, पण इथे पाणीच होतं. जीभ आवळली. ही चव आमच्याकडच्या प्रत्येक माणसाला लहानपणापासून ठाऊक आहे. पावसाळ्यात घरातल्या घागरीत फिरवतात ती तुरटी.

तुरटीने गाळ गोळा होऊन खाली बसतो, तसाच ती पॉलिमरलाही गोळा करते. धाग्यांच्या गाठी मारते आणि त्यांची गच्च जाळी करून टाकते. माझ्या सगळ्या काळजीत, व्हॉल्व्हच्या, वळणांच्या, मिठाच्या, तुरटी कुठेच बसली नव्हती.

मी शिडीवरूनच विचारलं, टाकीत तुरटी कुणी टाकली. मग मागून मडावीभाऊ पुढे आले. हे तिथले जुने फिटर, कुरखेड्याकडच्या एका जंगलातल्या गावचे. वर्कशॉपातले पाण्याचे माठही तेच सांभाळायचे. तोंडावर अपराधाची रेघ नव्हती, उलट जरा कौतुकाच्या अपेक्षेनेच त्यांनी मान वर केली.

"म्या टाकली न बाई. मोठा खडा टाकला, टाकी मोठी हाय. पाहुणे येऊन राह्यले, त्याईच्यासमोर असं गढूळ पाणी काऊन ठेवाचं?"

त्यांच्या गावात नाल्याचं पाणी येतं आणि पाहुणा आला की आधी पाणी निवळून घेतात. गढूळ पाणी पुढे करणं म्हणजे आलेल्या माणसाचा अपमान. ते पाणी प्यायला नाही, मशीनला आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण पाहुणे ते बघणार तर होते. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी टाकीत तुरटी फिरवली होती, जेवढ्या मनाने आपल्या गावात फिरवली असती तेवढ्याच मनाने.

मी रागवायला तोंड उघडलं होतं, पण राग आलाच नाही. हसू आलं, आणि मग रडूही आलं, ते मी शिडीवर पाठ फिरवून आवरलं. काय झालं ते मी मडावीभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते पटेलसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, चूक माही आहे, मशीनची नाई. पटेलला मराठी कळत नव्हतं, तरी हे कळलं.

आता नवं पाणी हवं होतं. नदीचा टँकर पुलाच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकला होता, तो संध्याकाळपर्यंत येत नव्हता. वर्कशॉपच्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात पॉलिमर मरायला टेकला असता. पटेलचा सहकारी म्हणाला, मग पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे तिथल्या प्रत्येकाला समजत होतं.

तेवढ्यात वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या थंड पाण्याच्या जारकडे माझं लक्ष गेलं. लग्नात, तेरवीत, कारखान्यात, सगळीकडे जातात ते जार. मशीनने गाळलेलं पाणी, त्यात मीठ जवळजवळ नाहीच. म्हणजे माझ्यासाठी कोरी पाटी, हवं तेवढं मीठ मी मोजून घालीन. हमीदभाऊंना विचारलं, घुग्घुसमध्ये जारवाले किती? ते म्हणाले, मोजायचे कशाला, सगळ्यांना फोन लावतो.

आणि खरंच लावले. सकाळची पाळी सुटून खाणीतले लोक मोटरसायकलवर घरी निघाले होते. हमीदभाऊ रस्त्यावर उभे राहून ओळखीच्या प्रत्येकाला थांबवायचे, जारवाल्याचा पत्ता सांगायचे आणि दोन जार आणायला पिटाळायचे. कुणी विचारलं नाही कशाला. काळे झालेले चेहरे, मागे आडवे बांधलेले निळे जार, धूळ उडवत एकामागून एक गाड्या येत राहिल्या. इकडे मडावीभाऊ टाकीत उतरून तळ पुसत होते. मी पुसून झालं म्हटलं तरी ते पुन्हा पुसायचे. आधी बोअरच्या पाण्याने धुतलं, मग जारच्या. मशीन परत जोडली. जार उचलून शिडीवर चढवायला माणसं कमी पडू लागली, तेव्हा पटेल उठला. त्याने घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि रांगेत उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर कोळशाचे हात उमटले.

मी माझ्या पेटीतलं मीठ तोललं. त्या जुन्या क्षेत्राच्या थराचा बेत मला तोंडपाठ होता. दुसऱ्या कुठल्याच बेताने मी ते पाणी केलं नसतं.

पूड हळूहळू सोडली. पॉलिमरला फुगायला वेळ द्यावा लागतो, तो वेळ जाता जात नाही. मग पंप सुरू झाला. मिसळायच्या टाकीतला नमुना, आणि मशीनच्या दुसऱ्या टोकाचा नमुना. दोन्ही काचेच्या भांड्यांत, दोन्ही दाट, दोन्ही नितळ. पटेलने दाटपणा स्वतः मोजला. पुन्हा मोजला. सहकाऱ्याकडून मोजून घेतला. गाळणीतून पाणी एकसारखं जात राहिलं. हमीदभाऊंनी खुर्चीची पाठ सोडली आणि त्याच खुर्चीत बसले.

पटेल माझ्याजवळ आला. या वेळी खाली बघत नव्हता.

"मॅडम, उस दिन वॉल्व खोलना चाहिए था।"

मी हे वाक्य इतकी वर्षं ऐकायची वाट बघत होते, की ऐकल्यावर काय करायचं हे माझं ठरलेलंच नव्हतं. वाटलं होतं, ऐकेन तेव्हा खूप सुनावीन. सुनवावंसं वाटेना. एवढंच म्हटलं, तर मग ही मशीन त्याच क्षेत्रात न्या, दुसरीकडे नको. तो म्हणाला, तिथे न्यायची तर मला वर लिहून द्यावं लागेल की माझा तेव्हाचा अहवाल चुकीचा होता. मी म्हटलं, हो. आणि आजचंही सगळं लिहा, तुरटीसकट. मडावीभाऊंचं नाव नको, पण कारण हवं. नापास झालं ते लिहा, का झालं ते लिहा, मग पास झालं ते लिहा. त्याने खिशातलं घड्याळ काढून हाताला बांधलं आणि तो गाडीत बसला.

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. हमीदभाऊ रोज ताडपत्री झटकून मशीन झाकायचे. एकदा म्हणाले, बाई, तुम्ही ते तुरटीचं लिहायला लावायला नको होतं. मला वाईट वाटलं, कारण त्यांचं पोट त्यावर होतं आणि माझा नुसता हट्ट. तरी मी म्हटलं, तसंच लिहायला हवं होतं. दिवाळीच्या आधी ट्रेलर आला आणि मशीन घेऊन गेला. सोबतच्या कागदावर क्षेत्राचं नाव बघितलं, तेच जुनं क्षेत्र. पटेलने लिहिलं होतं. वर त्याला काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते मला ठाऊक आहे, मी त्या वरच्यांना ओळखते. त्याने एक अट जोडली होती, जागेवर पाण्यावर नजर ठेवायला वर्कशॉपचा माणूस हवा. मडावीभाऊ म्हणाले, मी जातो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, नागपूरच्या पलीकडे कधी गेलेला नाही. मडावीभाऊ टाकीला कुलूप लावतात आणि चावी कमरेला बांधतात, असं तिथून कळलं.

जमिनीखाली घाई चालत नाही. दाट पाणी आपल्या चालीने सरकतं, महिने जातात. मी फोन करायचा नाही असं ठरवलं होतं आणि दर आठवड्याला करत होते. हिवाळा गेला. उन्हाळा तापला. एका दुपारी मडावीभाऊंचा फोन आला. त्यांना त्या कामातले शब्द नव्हते, त्यामुळे जे दिसलं तेच सांगितलं.

"बाई, त्या दोन नंबरच्या विहिरीच्या शिशीत काल खाली पाणी न वर थोडसंक काळं होतं. आज वरचं काळं जास्त झालं. पटेलसाहेब शिशी हातात घेऊन बसले आहेत, कोनाले देऊन नाई राह्यले."

मी विचारलं, नमुना पुन्हा घेतला का? हाव, म्हणाले, साहेबांनीच घेतला, तरी तसंच. पलीकडून ते म्हणत होते, बाई, आवाज येऊन राह्यला का? येत होता. एखाद्या गोष्टीसाठी माणूस इतकी वर्षं भांडत राहिला, की ती मिळाल्यावर हात रिकामे वाटतात, तसं झालं. थोडा वेळ रडले. मग चहा केला.

लोकांना इथे गोष्ट संपलेली आवडते. पण पाणी सोडलं त्या विहिरीभोवती चार विहिरी आहेत. दोन नंबरला तेल वाढलं, तीन नंबरला थोडं वाढलं. एक आणि चार अजून पाणीच ओकताहेत. मला वाटतं, त्या बाजूच्या थरात माती जास्त आहे आणि मिठाचा माझा बेत तिथे चुकतो आहे. पटेलने तिथल्या दगडाचे तुकडे पाठवले. घरच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं आहे, पाण्यात मीठ घालते आहे.

परवा हमीदभाऊ ते बघायला आले. शिशांच्या रांगेकडे पाहत म्हणाले, बाई, दोन विहिरी लागल्या, पास झालो, तुमचं म्हणणं खरं ठरलं, आता काय राह्यलं? आता जरा आराम करा.

मी म्हटलं, "हमीदभाऊ, दोन विहिरींतलं तेल अजून खालीच आहे."